पालवणकर बाळू : मैदान सुटल्यानंतर

पालघर आणि बोईसर या दोन गावांच्या दरम्यान मी आयुष्याची बत्तीस वर्षे मास्तरकीत घालविली. आमच्या वर्गाच्या खिडकीतून आगगाडीचे रूळ दिसत. इतिहासाचा तास चालू असता एखादी गाडी धडधडत गेली की मुलांचे लक्ष उडे. आणि ते पुन्हा फळ्याकडे वळविण्याकरिता मी एक युक्ती योजिली होती. मी विचारीत असे, "ही रेल्वे पूर्वी कोणाची होती रे?" कोणी म्हणे सरकारची, कोणी म्हणे इंग्रजांची. मग मी फळ्यावर बी. बी. अँड सी. आय. ही अक्षरे लिहीत असे. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. हिच्याच रुळांमुळे सफाळे, केळवे, पालघर, बोईसर ही गावे मुंबईच्या इतकी जवळ आली. आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ही कंपनी पश्चिम रेल्वेत विलीन झाली. एवढे सांगून झाल्यावर मी पुढचा प्रश्न टाकी : "या कंपनीच्या नोकरीत एक मनुष्य असा होता की, ज्याचे नाव एके काळी मुंबईतील पोरासोरांच्या तोंडी होते. तो कोण?" बत्तीस वर्षांत या प्रश्नाचे उत्तर मला एकाही विद्यार्थ्याने दिले नाही. शिक्षकांच्या खोलीतही ते फारसे कोणास ठाऊक नव्हते, हेही सांगून टाकतो.

तो मनुष्य म्हणजे बाळू बाबाजी पालवणकर. हिंदुस्थानातील पहिला थोर गोलंदाज.

आजचे माझे भाषण त्यांच्या खेळाविषयी थोडे आणि खेळ संपल्यानंतरच्या आयुष्याविषयी अधिक आहे. जुन्या खेळाडूंच्या गोष्टी आपण बहुधा त्यांच्या शेवटच्या सामन्यापाशी थांबवितो. पुढची तीस-चाळीस वर्षे ते कोठे होते, काय करीत होते, याची आपण चौकशी करीत नाही. विलायतेतही हेच घडले आहे. तेथील फुटबॉलच्या प्रारंभकाळात आर्थर व्हार्टन नावाचा एक नामांकित गोलरक्षक होऊन गेला. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील अक्रा शहरी १८६५ साली जन्मलेला हा तरुण इंग्लंडात आला. १८८६ साली लंडनच्या मैदानावर शंभर यार्डांची शर्यत त्याने बरोबर दहा सेकंदांत जिंकली, आणि पुढे धंदेवाईक फुटबॉल खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून तो प्रसिद्धीस आला. परंतु खेळ सुटल्यावर त्यास कोळशाच्या खाणीत मजुरी करावी लागली. १९३० साली तो दरिद्री अवस्थेत वारला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो १९९७ साली, म्हणजे मृत्यूनंतर सदुसष्ट वर्षांनी.

बाळूंची गोष्ट इतकी सरळ नाही. ते खाणीत गेले नाहीत, उपाशी मेले नाहीत. त्यांच्या उत्तरायुष्यातील दुःख निराळ्या जातीचे होते, आणि ते समजावयाचे तर प्रथम मैदानावरच जावे लागते.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणे मूळ कोकणातील पालवण गावचे, जातीने चांभार, म्हणजे त्या काळच्या समाजाच्या लेखी अस्पृश्य. वडील लष्करी नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यास आले. तेथे पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडण्याचे आणि साफसफाईचे काम या मुलास मिळाले. पगार दरमहा तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो गोऱ्या साहेबांच्या क्लबात गेला, तेव्हा पगार चार रुपये झाला. रोलर फिरवावयाचा, जाळ्या बांधावयाच्या, आणि साहेब लोक सरावास आले की त्यांना चेंडू टाकावयाचे, असे कामाचे स्वरूप होते. बॅट हाती धरावयाची मुभा मात्र नव्हती. बॅट हा साहेबाचा अधिकार आणि चेंडू हे नोकराचे काम, अशी वाटणीच होती म्हणा ना.

या नोकराचा डावा हात विलक्षण निघाला. ग्रेग नावाचे एक लष्करी अधिकारी त्या काळी हिंदुस्थानातील गोऱ्या फलंदाजांत अग्रगण्य समजले जात. ते दररोज लवकर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत, आणि आपणांस बाद केल्यास दर वेळी आठ आणे बक्षीस देत, असे सांगतात. मास्तरकीची खोड म्हणून मी याचा हिशेब मांडून पाहिला. महिन्यातून आठ वेळा साहेबांस बाद केले की आठ-आठे चौसष्ट आणे, म्हणजे चार रुपये होतात. पूर्ण महिन्याच्या पगाराइतकी ही रक्कम. चेंडूचा टप्पा आणि वळण यांवरील बाळूंचा ताबा कशाने आला, याचे उत्तर या हिशेबात पुष्कळसे आहे.

पुण्यातील हिंदू क्लबापुढे मग पेच पडला. साहेबांना हरवावयाचे तर हा गोलंदाज पाहिजे, आणि घ्यावा तर विटाळाचे काय? तोड अशी निघाली की बाळूंनी सर्वांबरोबर खेळावे. परंतु चहाच्या वेळी त्यांना चहा बाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यातून द्यावा, आणि जेवणाचे पान वेगळे मांडावे. एकाच चेंडूला अकराही जणांचे हात लागत होते. त्यास विटाळ नव्हता. साताऱ्याच्या गोऱ्या संघाविरुद्ध बाळूंनी सात गडी बाद करून सामना जिंकून दिला, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचा जाहीर सत्कार केला. टिळकांनीही त्यांचे कौतुक केले. रानड्यांनी त्या वेळी सहभोजनाचा मुद्दाही काढला होता : जो आपल्याबरोबर खेळतो, त्याने आपल्याबरोबर जेवावयास काय हरकत आहे, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे होते.

पुण्यात प्लेग शिरल्यावर बाळू मुंबईस आले. प्रथम लष्करी नोकरी आणि नंतर आमच्या या बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची नोकरी. रेल्वेच्या संघाकडून ते खेळत आणि हिंदू जिमखान्याकडूनही. जिमखान्यात त्यांच्या प्रवेशास काही सभासदांचा विरोध होता. तथापि गोलंदाजी पाहिल्यावर तो मावळला.

१९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईस हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनी दोन डावांत २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांना १९१ आणि १०२ यांच्या पुढे जाता आले नाही. १०९ धावांनी हिंदू जिंकले. बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हे दोघेही त्या संघात होते. आज आपणांस ही एक जुनी धावसंख्या वाटेल. परंतु वंगभंगाचे, स्वदेशीच्या चळवळीचे ते दिवस होते हे ध्यानात घ्या; आणि राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात चारचौघांदेखत हरविण्यात एका चांभार गोलंदाजाचा हात होता, याचा त्या काळी किती बोलबाला झाला असेल याची कल्पना करा. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारक पत्राने या विजयाकडे सामाजिक प्रगतीची एक खूण म्हणूनच पाहिले होते.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९११ साली, हिंदुस्थानचा पहिला सर्वजातीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर निघाला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपेंद्रसिंग. वय अवघे एकोणीस, आणि लक्ष मैदानापेक्षा मेजवान्यांकडे अधिक. संघ पंधरा सामने हरला. त्या पडझडीत एकच मनुष्य ताठ उभा राहिला. बाळूंनी त्या दौऱ्यातील सगळे सामने मिळून ११४ गडी बाद केले, आणि तेही प्रत्येक गड्यामागे एकोणीसहून कमी धावा देऊन. त्या वेळी त्यांचे वय पस्तीस होते. प्रथम श्रेणीच्या एकूण ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले, त्यांची सरासरी पंधरा धावांच्या किंचित पुढे येते. आकड्यांचा पुरावा एवढा पुरे.

या दौऱ्याहून परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य बांधवांनी त्यांचा सत्कार केला, तो प्रसंग माझ्या आजच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. त्या सभेत बाळूंना अर्पण केलेले मानपत्र लिहिले आणि वाचले ते एल्फिन्स्टन कॉलेजातील एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. सार्वजनिक व्यासपीठावर त्याने उभे राहण्याचा तो अगदी आरंभीचा प्रसंग. आपल्यातील एकाने जगापुढे गुण सिद्ध करून दाखविले, याचा त्या विद्यार्थ्यास मनापासून अभिमान वाटला असला पाहिजे. पंचवीस वर्षांनी याच दोघांची नावे एका मतपत्रिकेवर परस्परांविरुद्ध यावयाची होती.

पण मध्ये कर्णधारपदाचा प्रश्न आहे. तो सोडून पुढे गेले तर पुढचे काही उलगडणार नाही.

१९१२ पासून मुंबईस हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे चौरंगी सामने होऊ लागले. १९१३ साली तर पालवणकरांचे चारही भाऊ, बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल, हिंदूंच्या एकाच संघात खेळले. अनुभव, वय, पराक्रम, कोणत्याही मापाने मोजले तरी त्या संघाचे कर्णधारपद बाळूंचे होते. ते त्यांना मिळाले नाही. मुकुंदराव पै यांना मिळाले. आणि या गृहस्थांचा मोठेपणा असा की, त्यांनी स्वतःच आपल्या सत्काराच्या वेळी बोलून दाखविले की हा मान माझ्या मित्राचा, बाळूंचा होता. टाळ्या पडल्या असतील. पुढच्या वर्षीही कर्णधार बाळू झाले नाहीत, त्याच्या पुढच्याही वर्षी नाहीत.

येथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी नोकरीस असलेल्या एका शाळेत क्रिकेटच्या संघाचा कर्णधार निवडावयाचा होता. पूर्वेकडील डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून रोज पायी येणारा एक वारली मुलगा आमचा सर्वांत चांगला गोलंदाज होता. सगळी मुले त्याचे ऐकत. त्यास संघात घेण्याविषयी कोणाचाच आक्षेप नव्हता. कर्णधारपदाची गोष्ट निघाली तेव्हा मात्र कोणी म्हणाले, त्याला पाहुण्यांपुढे दोन शब्द बोलता येणार नाहीत. कोणी म्हणाले, त्याच्याकडे चांगला पोशाख नाही. एका वजनदार गृहस्थाच्या पुतण्याचे नाव पुढे आले आणि कायम झाले. मी त्या बैठकीत होतो. मी काहीच बोललो नाही. पुढच्या हंगामात तो मुलगा खेळावयास आला नाही, आणि का आला नाहीस हे त्यास विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. पालवणकरांचा इतिहास मी पुढे वाचला. तेव्हा मुंबईच्या जिमखान्यातील ती निवडसमिती मला मुळीच परकी वाटली नाही.

१९२० साली प्रकरण उघड्यावर आले. त्या वर्षी बाळूंना आरंभी संघातून वगळले. त्यांचे वय चव्वेचाळीस होते, तेव्हा त्याचे समर्थन तरी करता आले असते. परंतु पै आजारी असल्यामुळे कर्णधारपद रिकामे झाले असता ते विठ्ठल पालवणकर या ज्येष्ठ फलंदाजास न देता दिनकर बळवंत देवधर यांना देण्यात आले. देवधर पुण्याचे, सुशिक्षित, ब्राह्मण, आणि खेळाडू म्हणून उत्तमच. त्यांच्या गुणांविषयी वाद नव्हता. वाद होता तो निवडीच्या मापाचा. विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले, आणि आमची जात आमच्या आड येते असे वर्तमानपत्रांतून जाहीरपणे सांगितले. असहकाराचे वर्ष होते. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरच्या काँग्रेसने अस्पृश्यतेचा कलंक धुऊन काढण्याचे आवाहन केले. लोकमत भावांच्या बाजूने वळले. शेवटी पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याकरिता तडजोड निघाली : पै कर्णधार, बाळू उपकर्णधार, आणि भाऊ पुन्हा संघात. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले असता हिंदू संघाची सूत्रे बाळूंच्या हाती राहिली. पंधरा वर्षांच्या पराक्रमाबद्दल एवढेच नेतृत्व त्यांच्या वाट्यास आले. तो त्यांचा चौरंगीतील शेवटचा हंगाम.

१९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्यांनी युरोपियनांना हरविले. थोरल्या भावाने ठोठावलेले दार धाकट्यासाठी उघडले. विठ्ठलरावांनी पुढे १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले. बाळूंनी स्वतः मात्र काही लिहून ठेवले नाही, आणि म्हणून त्यांच्या मनातले आपणांस त्यांच्या कृतींवरूनच ताडावे लागते.

खेळ सुटला तेव्हा बाळू पंचेचाळिशीत होते. नाव मोठे होते. मुंबईतील गिरणी कामगारांपासून संस्थानिकांपर्यंत सर्वांना ठाऊक होते. अस्पृश्यवर्गाच्या सभांना त्यांना बोलावणी येत, आणि प्रारंभी ते व आंबेडकर एकाच बाजूचे समजले जात. आंबेडकर विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, महाडचा सत्याग्रह झाला, काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. आणि दोघांचे मार्ग हळूहळू फाटू लागले. हिंदू समाज आपणहून बदलेल, त्यास बदलावयास वेळ व संधी दिली पाहिजे, अशी बाळूंची धारणा दिसते. आंबेडकरांची ती आशा मावळत चालली होती. मला वाटते, या मतभेदाचे बीज दोघांच्या अनुभवात होते. बाळूंनी स्वतःच्या डोळ्यांनी मातीचे भांडे जाऊन मेजावरचा पेला आलेला पाहिला होता. त्यांच्या भावास कर्णधार झालेले पाहिले होते. समाज बदलतो, याचा त्यांच्यापाशी पुरावा होता. तो किती सावकाश आणि किती कृपणपणे बदलतो याचाही पुरावा त्यांच्यापाशीच होता. परंतु मनुष्य आपल्या आयुष्यातील पुराव्यांपैकी आशेचा तेवढा हाती धरतो, त्यास आपण दोष कसा द्यावा? शिवाय अस्पृश्य मानलेल्या जातींतही परस्परांविषयी संशय होता, आणि आंबेडकरांची चळवळ मुख्यतः महारांची आहे असे चांभार समाजातील कित्येकांस वाटे, हेही विसरून चालणार नाही.

१९३२ साल उजाडले. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ असावेत की संयुक्त, हा प्रश्न ऐरणीवर आला. मद्रासचे एम. सी. राजा यांनी हिंदू महासभेचे डॉक्टर मुंजे यांच्याशी संयुक्त मतदारसंघाचा करार केला. बाळू राजांच्या बाजूस उभे राहिले. ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅक्डोनल्ड यांनी स्वतंत्र मतदारसंघ देणारा निवाडा जाहीर केला, आणि २० सप्टेंबर रोजी गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले. पुढचे चार-पाच दिवस पुण्यात आणि मुंबईत काय घालमेल झाली, हे आपण शाळेत वाचले आहे. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. त्या करारावर मालवीय, सप्रू, जयकर, राजगोपालाचारी, आंबेडकर, राजा अशा मातबर नावांखाली पी. बाळू अशीही एक सही आहे. ज्या पुण्यात ते चार रुपयांवर रोलर फिरवीत होते, त्याच पुण्यातील हा करार. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्यांच्याऐवजी प्रांतिक विधिमंडळांतून १४८ राखीव जागा आल्या, आणि त्या जागांच्या उमेदवारांना सर्व हिंदूंनी मिळून मते द्यावयाची असे ठरले.

येथून बाळूंच्या नावाला राजकारणात भाव आला. १९३३ साली मुंबई महापालिकेच्या एका जागेसाठी हिंदू महासभेने त्यांना उभे केले. ते पडले. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्यास आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा धर्मांतराच्या त्या विचारास बाळूंनी उघड विरोध केला. आणि १९३७ च्या प्रारंभी मुंबई विधानसभेच्या निवडणुका आल्या. आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. ते स्वतः मुंबईत भायखळा-परळच्या गिरणगावातून राखीव जागेसाठी उभे होते. त्यांच्याविरुद्ध उभा करता येईल असा, अस्पृश्यांतील आणि तरीही सर्व हिंदूंना प्रिय असा माणूस काँग्रेसला हवा होता. तो माणूस कोण, हे आता आपणांस सांगावयास नको.

श्रोतेहो, या ठिकाणी मी नेहमी थबकतो. ज्या समाजाने या मनुष्याला त्याच्या जन्मामुळे कर्णधार होऊ दिले नाही, त्याच समाजाच्या पुढाऱ्यांनी त्यास त्याच्या जन्मामुळेच उमेदवार केले. मैदानावर जात ही त्याची उणीव होती, निवडणुकीत तीच त्याची लायकी ठरली. त्याच्या डाव्या हाताची करामत दोन्ही वेळा कामास आली. दोन्ही वेळा उपयोग दुसऱ्यांनी केला. १९३७ साली बाळू एकसष्ट वर्षांचे होते. मैदान सुटून सोळा वर्षे लोटली होती, आणि समोर उभा होता तो गावोगाव फिरून माणसे उभी केलेला, विद्येने आणि वक्तृत्वाने तळपणारा पुढारी; ज्याने एके काळी त्यांचे मानपत्र वाचले होते.

लढत एकतर्फी झाली नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक अवघ्या २,०२० मतांचा. आंबेडकर निवडून आले. ही मते कोणी दिली, काँग्रेसच्या नावाला किती आणि जुन्या गोलंदाजाच्या नावाला किती, याची फोड करता येत नाही. तथापि त्या गिरणगावातील चाळींत १९०६ चा सामना आठवणारी वडीलधारी माणसे होतीच; आणि आंबेडकर की बाळू, असा प्रश्न कित्येक घरांत बापलेकांत पडला असेल असे मला वाटते. बाप मैदानावर गेला होता, मुलगा महाडास.

कोणी म्हणतात, बाळू दुसऱ्यांच्या हातचे बाहुले झाले. मला हे म्हणणे पटत नाही. त्यांनी पुणे करारावर सही केली ती समजून-उमजून. त्यांचे मत चुकीचे असेल, पण ते त्यांचे होते. दुसरे कोणी म्हणतात, आंबेडकरांनी आपल्या जुन्या आदर्शाची कदर केली नाही. हेही मला मान्य नाही. मानपत्र देणे निराळे आणि कोट्यवधी माणसांच्या हक्कांचा प्रश्न निराळा. त्या प्रश्नापुढे व्यक्तिगत भिडेला जागा नसते. मला खेद वाटतो तो तिसऱ्याच गोष्टीचा. या दोघांना समोरासमोर आणून उभे करणारे जे मोठे लोक होते, त्यांच्यापैकी कितीजणांनी वीस वर्षांपूर्वी कर्णधारपदाच्या प्रश्नावर तोंड उघडले होते? आणि पराभवानंतर त्यांच्यापैकी कितीजण बाळूंकडे फिरकले?

या पराभवानंतर बाळू अठरा वर्षे जगले. ती वर्षे इतिहासाच्या पुस्तकांतून जवळजवळ कोरी आहेत. या काळात चौरंगी सामने १९३७ पासून पंचरंगी झाले, जातवार संघांवर गांधीजींसकट अनेकांची टीका होऊ लागली, आणि १९४६ नंतर ते कायमचे बंद पडले. त्यामागचा विचार योग्यच होता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, ज्या स्पर्धेत बाळूंची सगळी कीर्ती साठविलेली होती, तिचे नाव काढणेच पुढे लोकांस अवघड वाटू लागले. हिंदुस्थानाने पहिला अधिकृत कसोटी सामना खेळला तो १९३२ साली लॉर्ड्सवर. त्या वेळी बाळू छप्पन्न वर्षांचे होते. म्हणजे कसोटीच्या यादीत त्यांचे नाव येण्याचा संभवच नव्हता. आपल्याकडे विक्रमांची पुस्तके कसोटीपासून सुरू होतात, आणि राजकारणाची पुस्तके विजयी उमेदवारापाशी थांबतात. या दोन्ही पुस्तकांच्या फटीत हा मनुष्य पडला. २००२ साली रामचंद्र गुहा यांनी हिंदुस्थानी क्रिकेटचा सामाजिक इतिहास इंग्रजीत लिहिला, त्यात बाळूंची कथा विस्ताराने आली, आणि तेव्हापासून पुष्कळ वाचकांस त्यांचे नाव नव्याने कळले. मलाही त्यानंतरच कळले, हे मी लपवीत नाही. तोवर माझ्या फळ्यावरील बी. बी. अँड सी. आय. या अक्षरांपुढे दुसरा प्रश्न नव्हता.

पालवणकर बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईस वारले. त्यानंतर पंधरा महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आंबेडकरांनी नागपुरास लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. आमच्या गावाहून मुंबईकडे जाणारी गाडी दादरवरूनच पुढे जाते. दर ६ डिसेंबरास तिला मुंगी शिरावयास जागा नसते.